सगळे एकमेकांना ओळखतात, तरी मोबाइलवर एवढा उद्धटपणा का?

वर्धाकाठ

आमच्या भागात जवळपास प्रत्येक गावाचे व्हॉट्सॲपवर दोन-तीन गट आहेत: एक गावाचा, एक शेतकऱ्यांचा, एक शाळेच्या पालकांचा. या गटांत माणसे एकमेकांशी ज्या भाषेत बोलू लागली आहेत, तिच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तिचे परिणाम मोबाइलपुरते राहिलेले नाहीत. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेतांचे मालक तिच्यामुळे एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत आणि एकमेकांच्या घरच्या तेरवीलाही जाईनासे झाले आहेत.

नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. एखादा तरुण शेतकरी सोयाबीनच्या पिवळ्या पडलेल्या पानांचे छायाचित्र टाकून कोणती फवारणी करावी, असे विचारतो. पहिले उत्तर येते की शेती जमत नसेल तर मक्त्याने देऊन टाक. दुसरे उत्तर त्याच्या वडिलांच्या कर्जावर घसरते, आणि मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. हाच प्रश्न त्याने सकाळी बसथांब्यावरच्या पानठेल्यापाशी याच माणसांना विचारला असता, तर त्यांनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिले असते. एकाने लोहाची कमतरता सांगितली असती, दुसऱ्याने पिवळ्या मोझॅकची शंका घेऊन पांढरी माशी आहे का ते बघायला सांगितले असते, आणि त्यांच्यातलाच कोणी संध्याकाळी त्याच्या वावरात चक्कर मारून आला असता. माणसे तीच, प्रश्न तोच, फक्त जागा बदलली आहे.

नाव लपवता येते म्हणून माणूस बेताल होतो, असे उत्तर सर्रास दिले जाते. ते आमच्या गटांना लागू पडत नाही, कारण येथे प्रत्येकाला प्रत्येकाचे आजोबासुद्धा माहीत आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या वर्तनाची सहा कारणे मांडली होती: ओळख झाकलेली असणे, आपण समोरच्याला न दिसणे, उत्तर लगेच न येणे, समोरच्याचा आवाज आपणच आपल्या मनात तयार करणे, हे सगळे खऱ्या जगाच्या बाहेर चालले आहे असे वाटणे, आणि मोठ्या माणसाचा किंवा अधिकाऱ्याचा धाक पुसट होणे. त्यांपैकी पहिलेच कारण लोकांच्या तोंडी बसले आणि उरलेली पाच मागे पडली.

पहिल्या कारणावर विसंबून दक्षिण कोरियाने मोठा प्रयोगही करून पाहिला. तेथे २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यासाठी खऱ्या ओळखीची पडताळणी सक्तीची झाली. २०११ मध्ये तेथील एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती सक्तीच रद्द केली. जर्मनीतील एका याचिका-संकेतस्थळावरील २०१० ते २०१३ या काळातल्या पाच लाखांहून अधिक प्रतिक्रिया झुरिकच्या संशोधकांनी तपासल्या. त्यांत खऱ्या नावाने लिहिणारे लोक निनावी लोकांपेक्षा अधिक आक्रमक आढळले, कारण आपण न्यायाच्या बाजूने बोलत आहोत अशी ज्याची खात्री असते, त्याला नाव लपवण्याची गरज वाटत नाही. इस्रायलमधील लापिडोट-लेफ्लर आणि बराक यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नाव, दर्शन आणि नजरानजर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या. शिवराळपणा वाढण्यात सर्वांत मोठा वाटा नजरानजर नसण्याचा निघाला.

नजरेचे हे कारण मला पटते, पण पुरेसे वाटत नाही. गावातल्या भांडणात भांडणाऱ्या दोघांशिवाय आणखी कोणीतरी असते. ती व्यक्ती कोणाची बाजू घेत नाही. हाताला धरून "चाला भाऊ, घरी चाला" एवढेच म्हणते. तिच्यामुळे माघार घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण त्याने हार मानलेली नसते, त्याला कोणीतरी घेऊन गेलेले असते. मोबाइलवरच्या गटात दोनशे माणसे तोच मजकूर वाचतात आणि त्यांपैकी एकही ते काम करत नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये प्रयोगाने दाखवले होते की, प्रसंग पाहणारे जितके अधिक, तितकी त्यांतल्या एकेकाची पुढे येण्याची शक्यता कमी. आमच्या गटांत हे रोज घडते. शिवी देणारा त्या शांततेला मान्यता समजतो, आणि ज्याला शिवी दिली जाते त्यालाही ती मान्यताच वाटते. तो त्या एका माणसावर रागावत नाही, सगळ्या गावावर रागावतो.

आपापल्या गावचा अनुभव काय आहे आणि ही मधली व्यक्ती गटात आणता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे.

रात्रीचे_ओलीत

आपले विवेचन मनापासून वाचले. मला त्यात वेळेची आणि मनःस्थितीची भर घालावीशी वाटते. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल येथील संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आधी सोपी आणि काहींना अवघड प्रश्नपत्रिका सोडवायला दिली, आणि नंतर एका लेखावर मत लिहायला सांगितले. काहींना लेखाखाली आधीच्या प्रतिक्रिया सभ्य दिसत होत्या, तर काहींना खवचट. ज्यांचे मन ठीक होते आणि ज्यांना सभ्य प्रतिक्रिया दिसल्या, त्यांच्या लिखाणातला सुमारे ३५ टक्के भाग त्रासदायक ठरला. जे आधीच खट्टू झाले होते आणि ज्यांना वर खवचटपणाच दिसला, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण ६८ टक्क्यांपर्यंत गेले. ही माणसे मुळात वाईट नव्हती. परिस्थितीने त्यांना तसे केले. याच संशोधकांनी एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावरील प्रतिक्रिया तपासल्या, तेव्हा असा मजकूर रात्री उशिरा आणि आठवड्याच्या सुरुवातीला वाढतो, असेही आढळले.

आता आपल्याकडची रात्र डोळ्यांसमोर आणा. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते, म्हणून माणूस हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेलेला असतो. रोहित्र मध्येच बंद पडते. थंडी असते, रानडुकरांची भीती असते, आणि हातात मोबाइल असतो. दिवसा कापसाचा भाव ऐकून तो बाजारातून परत आलेला असतो. त्याचा राग ज्यांच्यावर असतो ते व्यापारी, अधिकारी किंवा आमदार त्या गटात नसतात. गटात असतो तो शेजारचा शेतकरी, ज्याने नेमके त्याच वेळी आपल्या नव्या ट्रॅक्टरचे छायाचित्र टाकलेले असते.

यामुळे त्याची भाषा क्षम्य ठरते असे मी म्हणत नाही. पण पहिली प्रतिक्रिया कोण आणि कशी लिहितो यावर पुढचा सगळा सूर ठरतो, हे मी वारंवार पाहिले आहे. पिवळ्या पानांच्या त्या प्रश्नाला पहिले उत्तर नीट मिळाले असते, तर दुसऱ्याने कर्जाचा विषय काढला नसता.

अंगणवाडीची_खिडकी

मला दोन्ही भाऊंच्या मांडणीला थोडा विरोध करायचा आहे. मोबाइल माणसाला बदलतो हे गृहीत धरूनच आपण सगळे लिहितो आहोत. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातील अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी हेच गृहीतक अमेरिका आणि डेन्मार्क येथील लोकांवर तपासून पाहिले. राजकीय वादात आंतरजालावर शत्रुत्वाने वागणारी माणसे समोरासमोरच्या वादातही तशीच वागतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. फरक एवढाच की घरातले किंवा ओळखीच्या दहा जणांतले वागणे चार भिंतींत राहते, आणि मोबाइलवरचे सगळ्यांना दिसते.

आमच्या बायकांना हे संशोधन वाचण्याआधीच माहीत होते. ज्या माणसाची गटातली भाषा पाहून पुरुषांना धक्का बसतो, त्याच्या घरातल्या बाईला तो धक्का बसत नाही. पालकांच्या गटात पोषण आहाराविषयी एखाद्या आईने प्रश्न विचारला की तिच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तिने प्रश्न विचारावा का, तिच्या घरच्यांना हे माहीत आहे का, असे उलट प्रश्न येतात. जे तिला रस्त्यात "वहिनी" म्हणून मान खाली घालून हाक मारतात, तेच रात्री हे लिहितात. ती काही बोलत नाही. ती गट सोडतही नाही, कारण गट सोडल्याची सूचना पुरुषांच्या नजरेतून सुटणार नाही, अशी तिला भीती असते. ती फक्त लिहिणे थांबवते. पुरुषांचे अबोले गावाला दिसतात आणि त्यांची चर्चा होते; बायकांचे थांबलेले लिहिणे कोणी मोजत नाही.

म्हणून वर्धाकाठ भाऊंना माझे विचारणे आहे की, मध्ये पडणारी ती व्यक्ती घरातल्या आणि रस्त्यावरच्या भांडणात तरी बाईसाठी कधी उभी राहत होती का?

नवी_वस्ती

ताईंच्या प्रश्नाला जोडून माझाही एक प्रश्न आहे. पारावर कोण बसत होते? माझ्या आजोबांना पाराच्या कडेलाही जागा नव्हती. तेथे भांडण झाले आणि कोणी "जाऊ द्या" म्हटले, तर ते नेहमी आमच्याच माणसाला उद्देशून असे. ती मधली व्यक्ती अमुक घरांतलीच असे, आणि जाऊ द्यायचे ते अमुक घरांनीच. तेव्हाच्या त्या सभ्यतेची किंमत कोण देत होते, हे विसरून चालणार नाही.

गटामुळे आमच्यासाठी एक दार उघडले, हेही नोंदवले पाहिजे. घरकुलाच्या यादीत अमक्याचे नाव कसे आले आणि आमचे कसे राहिले, असे शेतमजुराच्या मुलाने सरपंचांना सगळ्यांसमोर लेखी विचारणे पूर्वी शक्य नव्हते. तो विचारतो तेव्हा त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याआधी त्याच्या भाषेला नावे ठेवली जातात. त्याने "साहेब" म्हटले नाही, "आपण" म्हटले नाही, एवढाच त्याचा उद्धटपणा असतो. दुसरीकडे त्याच्या वस्तीवरून, आडनावावरून आणि आरक्षणावरून टोमणे मारले जातात, आणि त्यांना गंमत म्हटले जाते. उद्धटपणाची चर्चा करायची असेल तर आधी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. अधिकारावर असलेल्या माणसाला जाब विचारणे आणि एखाद्या माणसाला माणूस म्हणून खाली पाडणे यांना एकाच तराजूत टाकले, तर सभ्यतेचा नियम पुन्हा आमच्याच तोंडावर हात ठेवण्यासाठी वापरला जाईल.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचे उदाहरण मला येथे महत्त्वाचे वाटते. ते कीर्तनात लोकांना कठोर बोलत. दारू पिणाऱ्याला, कर्ज काढून सण करणाऱ्याला, अस्पृश्यता पाळणाऱ्याला ते तोंडावर बोलत आणि प्रश्न विचारून त्याच्याकडूनच उत्तर काढून घेत. पण दिवसभर त्यांनी त्याच गावाचे रस्ते आपल्या खराट्याने झाडलेले असत. ऐकणाऱ्याला ठाऊक असे की, हा माणूस आपल्याला कमी लेखण्यासाठी बोलत नाही.

मोर्शी_संत्रा

थोडक्यात लिहितो. निम्मी भांडणे वाचणाऱ्याने सूर चुकीचा लावल्यामुळे होतात, असे माझे निरीक्षण आहे. क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपण ईमेलमध्ये थट्टेने लिहिले की गांभीर्याने हे वाचणाऱ्याला साधारण ७८ टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते ५६ टक्के वेळाच कळले, म्हणजे नाणे फेकून ठरवण्यापेक्षा फार वेगळे नाही. आपल्या वऱ्हाडी बोलण्यातला निम्मा अर्थ हेलात असतो, आणि हेल टंकता येत नाही. आमच्या बागायतदारांच्या गटात फळगळ, डिंक्या किंवा भाव यांसारख्या वादाच्या विषयांवर लेखी उत्तराऐवजी आवाजी संदेश पाठवण्याची पद्धत पडली. तेव्हापासून गैरसमज कमी झाले आहेत.

गोंदियाचा_वाचक

कायद्याचा मुद्दा अद्याप आलेला नाही, म्हणून लिहितो. आंतरजालावर त्रासदायक लिहिल्याबद्दल सरसकट गुन्हा दाखल करण्याची मुभा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. ते योग्यच झाले, कारण नवी_वस्ती यांनी सांगितलेल्या त्या मुलावरच ते आधी लावले गेले असते. आज भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानीसाठी कलम ३५६ आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी व कृतींसाठी कलम ७९ आहे. अंगणवाडीची_खिडकी ताईंनी सांगितलेल्या काही प्रकारांत दुसऱ्या कलमाचा विचार होऊ शकतो, पण गावात राहून शेजाऱ्यावर तक्रार करणे किती अवघड असते, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

गटाच्या ॲडमिनची जबाबदारी किती, हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला होता. २०२१ मध्ये खंडपीठाने म्हटले की, सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला आणि त्यात ॲडमिनचा सामाईक हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याच्यावर गुन्हेगारी दायित्व येत नाही, कारण त्याच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे यांपलीकडे फारसे काही नसते. त्यानंतर २०२२ मध्ये इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला मिळाली. माझ्या पाहण्यात मात्र ती सोय शिवीगाळीसाठी क्वचितच वापरली जाते आणि गैरसोयीच्या प्रश्नासाठी अधिक.

झाडीपट्टी

टोकदार बोलण्यावर आपल्या संस्कृतीने पूर्वीपासून विचार केलेला आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, तेव्हा झडत्या म्हटल्या जातात. त्यांत गावातल्या कंजूष माणसापासून सरकारी योजनेपर्यंत कोणाचीही गय नसते. एकाने झडती म्हटली की दुसरा तिला उत्तर देतो, आणि "हर बोला हर हर महादेव" या गजरात ती संपते. ज्याला टोला बसतो तो तेथेच उभा असतो, त्याला उत्तराची संधी असते, सगळे गाव साक्षी असते, आणि तोरण तुटले की बोलणेही तेथेच संपते.

मोबाइलवरच्या टोमण्याला यांतले काहीही नाही. तो संपत नाही. त्याचे छायाचित्र काढून दुसऱ्या गटात पाठवले जाते आणि पुढच्या वर्षी सोसायटीच्या निवडणुकीत पुन्हा बाहेर काढले जाते. ज्याने रागाच्या भरात लिहिले, त्यालाही आपल्या शब्दांतून सुटका नाही. मला वाटते, माघार घ्यायला वाट नसणे हे उद्धटपणाचे कारण आहे, नुसता परिणाम नव्हे. परतता येत नाही म्हटल्यावर माणूस आणखी पुढे जातो.

वर्धाकाठ

सर्वांनी एवढे मनापासून लिहिले याबद्दल आभारी आहे. ताई आणि नवी_वस्ती यांच्या प्रश्नांना उत्तर देणे मला सर्वांत आवश्यक वाटते. मध्ये पडणारी व्यक्ती बाईसाठी आणि वस्तीसाठी क्वचितच उभी राहत होती, हे खरे आहे. पण त्यावरून ती व्यक्तीच नको असे मी म्हणणार नाही. ती कोणत्या घरातून यावी, हे बदलले पाहिजे असे म्हणेन. सरपंचांना जाब विचारणाऱ्या मुलाच्या बाबतीत तिचे काम त्याला गप्प करण्याचे नसून, "भाषेचे नंतर पाहू, आधी यादीचे उत्तर द्या" असे सरपंचांना सांगण्याचे आहे. भांडण थांबवणे आणि प्रश्न जिवंत ठेवणे, ही दोन्ही कामे ज्याला जमतील त्यालाच ते द्यावे लागेल.

बोर आणि पीटरसन यांचा निष्कर्ष मी नाकारत नाही. मात्र त्यात धीर देणारी एक बाजू मला दिसते. उद्धट माणसे मूठभरच असतील आणि ती सगळीकडे तशीच असतील, तर बाकीच्या मोठ्या संख्येचे वागणे पहिल्या उत्तरावर आणि मध्ये पडणाऱ्यावर अवलंबून राहते. रात्रीचे_ओलीत यांनी सांगितलेल्या प्रयोगातून हेच दिसते. त्या मूठभरांना बदलण्याची खटपट करण्यापेक्षा बाकीच्यांना बोलते करणे मला अधिक साध्य वाटते.

आमच्या शेतकरी गटाच्या पुढच्या बैठकीत मी असा विषय मांडणार आहे की, तीन जणांनी हे काम ठरवून घ्यावे: एक जुन्या गावातला, एक नव्या वस्तीतला आणि एक महिला. गटात उपदेशाचा संदेश टाकायचा नाही, कारण त्याने माघारीची वाट बंद होते. ज्याने लिहिले त्याला थेट फोन करायचा, आणि तो तयार असेल तर त्याने स्वतःच संदेश पुसावा, ॲडमिनने नव्हे. प्रश्न विचारणाऱ्याला पहिले उत्तर नीट मिळेल, हेही याच तिघांनी पाहावे.

अंगणवाडीची_खिडकी

त्यात एक बदल करावा. पहिला फोन ज्याने लिहिले त्याला नको. ज्याच्याविषयी लिहिले गेले, त्याला किंवा तिला करावा. संदेश पुसला गेला तरी तो वाचलेला असतो, आणि त्या रात्री त्या माणसाला एवढेच कळायला हवे असते की गटातल्या बाकीच्यांना ते मान्य नाही. दुसरा फोन सकाळीही चालतो.

वर्धाकाठ

मान्य आहे. याच क्रमाने मांडतो.